तारेवरची विचारपूस

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या ओसरीत घटकाभर उभे राहिले असता जे दोन शब्द कानावर पडल्यावाचून राहत नाहीत, ते ‘सर्व्हर डाऊन’ हे होत. सातबाऱ्याच्या नकलेसाठी कामाचा खाडा करून आलेला शेतकरी ते निमूटपणे ऐकतो, त्याच्या आजोबांनी ‘साहेब दौऱ्यावर गेले आहेत’ हे जसे ऐकले असेल तसेच, आणि लिंबाच्या सावलीला जाऊन चंची सोडतो. हे सर्व्हर म्हणजे काय, ते असते कोठे, ‘डाऊन’ होते तेव्हा त्याला नेमके काय होते आणि त्याला पुन्हा कामाला लावणारा मनुष्य काय करतो, याची विचारपूस करण्याची त्याला उसंतही नसते आणि गरजही नसते. पण असा एक मनुष्य असतो खरा. काळ्या पडद्यासमोर बसून, जेथे चित्र नाही, रंग नाही, नुसत्या अक्षरांच्या ओळी आहेत तेथे, तो दूरच्या यंत्राला एकेक त्रोटक प्रश्न घालतो, आलेले उत्तर वाचतो, त्यावरून पुढचा प्रश्न ठरवतो; आणि हे चालू असता ते यंत्र इतर हजारो लोकांची कामे उरकीतच असते. ही विद्या कालपरवाची आणि सातासमुद्रांपलीकडची, असा सार्वत्रिक समज आहे. माझे मत निराळे आहे. या विद्येचा एक पूर्वज परभणीच्या फलाटावर, तारमास्तरच्या अंधाऱ्या खोलीत बसत असे.

मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत हैदराबादेकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झाला. गोदावरीच्या खोऱ्यातून जाणारा म्हणून त्याला गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणत; चालवणारी कंपनी निजाम सरकारच्या हमीवर उभी असल्यामुळे ‘गॅरंटीड’ हे बिरुद नावात मिरवीत असे, आणि १९३० साली सरकारने ती विकतच घेतली. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे आणि परभणीहून परळीकडे फाटे निघाले, पूर्णेला रेल्वे नोकरांची वसाहतच वसली, आणि रुळांच्या बाजूबाजूने, कापसाच्या आणि ज्वारीच्या शिवारांतून, तारेचे खांब उभे राहिले. त्या काळच्या परभणीत एक चमत्कारिक त्रैभाषिक व्यवहार चालत होता. घरात आणि बाजारात मराठी. तहसिलीत, मुन्सफीत आणि पटवाऱ्याच्या वरिष्ठ दप्तरात उर्दू. आणि तारेवर इंग्रजी, तेही पूर्ण इंग्रजी नव्हे, अक्षरे गाळलेले, संक्षेपांनी भरलेले, ज्याला व्याकरण कमी आणि निकड जास्त अशा जातीचे. मॅट्रिकच्या इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेला मनुष्यही ती भाषा सहा महिन्यांत आत्मसात करी, कारण तिच्यात वाङ्मय नव्हते. प्रश्न होते आणि उत्तरे होती.

तारायंत्राचे तत्त्व साधे होते. एका मंडलापुरती खांबांवरून एकच लोखंडी तार जाई आणि विजेचा परतीचा प्रवास जमिनीतून होई. चावी दाबली की मंडल पुरे होऊन दुसऱ्या ठाण्यावर ‘कट्ट’ असा आवाज उमटे. मुख्य बिघाडही मोजून तीन प्रकारचे. तार तुटली तर प्रवाहच खुंटे. तार सैल होऊन ओल्या जमिनीला वा बाभळीच्या फांदीला लागली, तर प्रवाह इकडून जोमाने निघे, पण पलीकडे पोचण्याआधीच जमिनीत मुरे. आणि दोन तारा वाऱ्याने एकमेकींना भिडल्या, तर एकीची बातमी दुसरीत शिरून दोघींच्याही बोलण्याचा काला होई. यांपैकी कोणता प्रकार घडला आहे, हे खोलीतून न हलता ओळखणे, ही तारमास्तरची खरी परीक्षा. त्याच्यापाशी साधन एकच, गॅल्व्हनोमीटरचा काटा. काटा अजिबात हलत नाही, की नेहमीपेक्षा अधिक हलतो, की कोणी चावी दाबलेली नसता आपोआप थरथरतो, एवढ्या तीन लक्षणांवर त्याला रोगाचे निदान करावे लागे.

मग स्थळाचा प्रश्न. परभणीहून मनमाडला हाक घातली आणि उत्तर आले नाही, तर बिघाड एवढ्या लांबच्या पल्ल्यात नेमका कोठे? यासाठी मधल्या ठाण्यांनी आपापल्याकडली तार ओळीने जमिनीला जोडून पाहावी असा शिरस्ता असे. मानवत रोडने जोडली, परभणीचा काटा हलला; तेथवर तार धड आहे. सेलूने जोडली, काटा हलला. परतूरने जोडली, आणि काटा जागचा ढळला नाही. म्हणजे अपराधी सेलू आणि परतूर यांच्या मधल्या रानात कोठे तरी आहे. अधिक सूक्ष्म हिशेब हवा असेल, तर व्हीटस्टनच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सेतुमंडलाने तारेचा रोध मोजून जमिनीला लागलेल्या तारेचे अंतर मैलांत काढता येई, आणि लाइनमन नेमक्या त्याच टापूतल्या खांबांना शिडी लावी. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा तपास गाड्या थांबवून, खांब उपटून, तारा नव्या ओढून होत नसे. उरलेल्या तारांवरून वाहतुकीचे निरोप जातच असत, आणि ज्या तारेला आजार तिच्याच मुखातून आजाराची हकीकत वदवून घ्यावयाची असे.

(एक काळ असाही आला की तार तुटलेली आहे ही वार्ता जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत हर्षाने ऐकली गेली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४७-४८ च्या त्या वर्षभरात, तारा तोडणे आणि रूळ उखडणे हे सत्याग्रहाच्या पलीकडे गेलेल्या तरुणांचे हत्यार होते. आणि त्याच रात्री ती तुटलेली जागा काट्यावरून शोधीत बसलेला तारमास्तर मनातून कोणत्या बाजूचा होता, हे काट्याला सांगता येत नसे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो प्रश्न उरला नाही.)

आता दुसरा धागा घेऊ. अमेरिकेतल्या ज्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्स ही संगणकप्रणाली रचण्यास आरंभ केला, ती ज्या कंपनीची होती तिच्या नावात टेलिफोनाच्या जोडीला ‘टेलिग्राफ’ हा शब्द होता. आणि ज्या यंत्रावर बसून ते आपले हुकूम लिहीत ते टेलिटाइप, म्हणजे तारायंत्राचेच टंकलेखन शिकलेले अपत्य, कागदावर सेकंदाला दहा अक्षरे उमटवणारे. जेथे प्रत्येक अक्षराला वेळ मोजावा लागतो तेथे बोलणे आपसूक त्रोटक होते. युनिक्सचे हुकूम दोनदोन, तीनतीन अक्षरांचे का, आणि काम यशस्वी झाले तर ते चकार शब्द का काढीत नाहीत, याचे एक मोठे कारण या संथ यंत्रात आहे. पडदे आले, टेलिटाइप मोडीत निघाले, तरी आजचे लिनक्सही टर्मिनलवरच्या प्रत्येक बैठकीची नोंद ‘टी-टी-वाय’ याच नावाने ठेवते, आणि ते नाव टेलिटाइपचे संक्षिप्त रूप आहे. तारेचा वेग ज्या ‘बॉड’ने मोजीत, तो शब्दही एमिल बोदो या फ्रेंच तारतज्ज्ञाच्या नावावरून आला. तारमास्तर आणि काळ्या पडद्यापुढचा तरुण यांच्यात जे साम्य दिसते ते केवळ उपमेपुरते नाही. ते एका घराण्यातले आहेत.

त्या घराण्यात पुढे जी हत्यारे घडली त्यांतली बहुतेक प्रश्नरूपच आहेत. प्रचंड मजकुरातून हवी तेवढी ओळ वेचून काढणारे ‘ग्रेप’ १९७३ च्या सुमाराचे. एका हुकमाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती परभारे सोपवण्याची डग्लस मॅकिलरॉय याची नळीची कल्पनाही त्याच वर्षी अमलात आली, आणि लहान प्रश्नांच्या साखळीतून मोठा तपास साधू लागला. ‘आहेस का रे?’ एवढेच विचारणारे ‘पिंग’ माइक म्यूस याने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पण मला सर्वांत कौतुक वाटते ते १९८७ साली व्हॅन जेकबसन याने लिहिलेल्या ‘ट्रेसरूट’चे. ते पहिल्या ठाण्यापुरतेच आयुष्य असलेला निरोप पाठवते, मग दुसऱ्या ठाण्यापर्यंतचे, मग तिसऱ्या. प्रत्येक ठाणे ‘तुमचा निरोप माझ्यापाशी संपला’ असे कळवते, आणि ज्या ठाण्यानंतर सामसूम होते त्याच्या पुढे बिघाड धरावा. मानवत रोड, सेलू, परतूर! जेकबसनला ही नावे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तारेवर विचारपूस करू गेले की बुद्धी त्याच वाटेने जाते, इतकेच.

रेल्वेचे ऋण संगणकाने उघडपणेही मान्य केले आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावाचून गाडी सोडीत नसत, आणि त्या खंडापुरते एकच टोकन, बहुधा वेताच्या कड्याला लटकावलेल्या पिशवीतला लोखंडी गोळा, ड्रायव्हरच्या हाती असे. गोळा ज्याच्यापाशी, मार्ग त्याचा. एकाच साधनावर दोन कार्यक्रमांनी एकदम हात घालू नये यासाठी १९६० च्या दशकात डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा याने जी युक्ती योजली तिला त्याने ‘सेमाफोर’ हे रेल्वेच्या सिग्नलचेच नाव दिले. चालत्या सर्व्हरवरचा एक नेहमीचा रोगही तोच आहे: कार्यक्रम मध्येच मरतो, कुलूप मात्र त्याच्या नावे लागलेलेच राहते, आणि मागचे सारे रांगेत उभे. गोळा खिशात घेऊन ड्रायव्हर घरी झोपला, असा हा प्रकार.

सरकारी कचेऱ्यांत ही विद्या आली ती आकाशमार्गे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ साली स्थापन झाले, आणि डॉ. एन. शेषगिरी यांच्या कारकिर्दीत, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, देशभरच्या जिल्हा कचेऱ्यांना उपग्रहाच्या द्वारे दिल्लीशी जोडणारे ‘निकनेट’ उभे राहिले. टेलिफोनवर मुंबई मिळवायला दिवस मोडत असे त्या काळात कचेरीच्या गच्चीवरची ती तबकडी हा जिल्ह्याजिल्ह्यांतून कुतूहलाचा विषय झाला. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच; प्रश्न वर जाऊन खाली यावयाचा, उत्तरही तसेच; म्हणजे प्रकाशाच्या वेगाने धावूनही अर्धा सेकंद निघून जाई. दिल्लीच्या यंत्राशी अक्षराअक्षराने बोलू पाहणाऱ्याला आपण दाबलेले अक्षर पडद्यावर उमटलेले दिसायला तेवढे थांबावे लागे. ज्यांनी त्या काळात काम केले त्यांचे हात आजही टंकताना मोजके आणि सावध चालतात, असे माझे निरीक्षण आहे. एक चुकीचा हुकूम परत घेण्यापेक्षा तो दोनदा वाचून पाठवणे त्यांना स्वस्त पडे. दूरच्या यंत्राशी बोलताना मधे कोणी कान लावू नये याची तजवीज पुढे, १९९५ साली, फिनलंडच्या टाटू युलोनेन याने ‘एस-एस-एच’ लिहून केली, आणि तेव्हापासून परभणीत बसून मुंबईचे किंवा मुंबईत बसून परभणीचे यंत्र निःशंकपणे तपासता येऊ लागले.

या यंत्रांच्या पोटात शेवटी गेले काय? तर आपली जमीन. निजामी अमदानीत पटवारी लिही, गिरदावर तपाशी आणि तहसीलदार शिक्का मारी. पहाणी पत्रके होती, मग १९५४ चे खासरा पत्रक आले, ज्याची नक्कल काढायला लोक अजूनही दप्तरखान्यात खेटे घालतात. पुढे मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि येथेही सातबारा रुळला. तो संगणकावर चढला, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीनिशी मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदही शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवरून करावी अशी व्यवस्था झाली. हंगामाच्या शेवटच्या तारखा जवळ आल्या की सारा महाराष्ट्र एकाच दारावर गर्दी करतो. सर्व्हर डाऊन होते ते अशा वेळी. आणि तेव्हाच तो काळा पडदा उघडतो.

या तपासाचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. माझा एक भाचा एका संस्थेचे सर्व्हर सांभाळतो. संस्था कोणती हे सांगण्याचे प्रयोजन नाही. दिवाळीच्या आधी तो घरी आलेला असता रात्री साडेदहाला फोन आला, की जुन्या नोंदी दिसतात पण नवी नोंद घेतली जात नाही, आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे काय? ‘कशालाही हात लावू नका, मी बघतो,’ एवढे बोलून त्याने जेवणाच्या पाटावरच लॅपटॉप उघडला. प्रथम त्याने विचारले, यंत्र किती दिवसांपासून चालू आहे आणि त्याच्यावर भार किती. भार बेताचाच. मग, स्मरणशक्ती शिल्लक आहे काय. होती. मग ‘डी-एफ’: डिस्कवर जागा किती उरली? उत्तर आले, शून्य. शंभर टक्के भरलेली. मला वाटले, झाले, सापडले. पण त्याने ‘डी-यू’ने एकेक कप्पा मोजायला घेतला, आणि सर्व फायलींची बेरीज निम्म्याच्याही आत भरली. एक हिशेबनीस म्हणतो कोठार भरले, दुसरा म्हणतो अर्धे रिकामे. आणि दोघेही खरे बोलत आहेत.

मी चक्रावलो, तो हसला. ‘मामा, तुम्हाला सातबाऱ्यातून सांगतो,’ तो म्हणाला. ‘या प्रणालीत फाइल खोडली म्हणजे फक्त तिचे नाव यादीतून जाते. पण एखादा कार्यक्रम ती उघडून बसला असेल, तर जागा त्याच्या ताब्यातच राहते. नमुना सातवरून नाव गेले, पण वहिवाट चालूच.’ ‘डी-यू’ नावांवरून मोजते, ‘डी-एफ’ प्रत्यक्ष ताब्यावरून. अंतर पडले ते एवढ्यामुळे. मग ‘एल-एस-ओ-एफ’ हा हुकूम सुटला, ज्याचे काम कोणता कार्यक्रम कोणती फाइल धरून बसला आहे ते सांगणे, आणि नावे नसलेल्या फायलींची यादी आली. तिच्यात एकच अजस्र ओळ होती. कोणी तरी, जागा मोकळी करण्याच्या सद्हेतूनेच, चालू असलेली लॉगची फाइल थेट खोडून टाकली होती. आणि ज्याचा तो रोजनामा, तो कार्यक्रम बिचारा त्या नाव नसलेल्या वहीत रात्रंदिवस लिहीतच राहिला होता. भाच्याने त्याला वही बदलण्याचा इशारा पाठवला. क्षणात निम्मी डिस्क मोकळी झाली, नोंदी पुन्हा चालू झाल्या, आणि निरंजनातली वात सावरून यावी तितक्या सहजपणे तो आमटीकडे वळला.

येथे कोणी चाणाक्ष वाचक आक्षेप घेईल, की यंत्र बंद करून चालू केले असते तरी तो कार्यक्रम मेला असता, ताबा सुटला असता आणि जागा मोकळी झालीच असती. आक्षेप बरोबर आहे. मीही तो घेतला. त्यावर त्याचे उत्तर असे, की गुण आला असता, पण रोग कळला नसता. पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन काढल्यासारखे झाले असते, आणि त्याच सद्हेतूने तीच फाइल महिन्याभराने पुन्हा खोडली गेली असती. जेवण झाल्यावर त्याने त्या संस्थेच्या लोकांना चार ओळी लिहून पाठवल्या: काय दिसले, काय विचारले, काय केले, किती वाजता. मला वाटते, साऱ्या प्रसंगातले सर्वांत महत्त्वाचे काम ते होते, आणि आपल्याकडे नेमके तेच टाळले जाते.

तारमास्तर मात्र लिहीत असत. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणती तार, काटा किती हलला, कोणत्या ठाण्याशी बोलणे झाले, लाइनमन केव्हा निघाला, हे सारे त्यांच्या वह्यांत असे. १५ जुलै २०१३ पासून भारतातली तारसेवा बंद झाली. रेल्वेतली मोर्सची चावी त्याच्या कितीतरी आधी मुकी झालेली होती. मीटरगेज जाऊन रुंद मार्ग आला, खांब गेले, तांब्यालोखंडाच्या तारा भंगारात गेल्या. राहिली ती ठाण्यांची लघुनामे: तारेवर बोलणे थोडक्यात व्हावे म्हणून दिलेली ती दोनचार अक्षरी नावे आरक्षणाच्या संगणकाने जशीच्या तशी उचलली, आणि परभणीच्या तिकिटावर आजही ‘पी-बी-एन’ छापून येते, पूर्णेच्या तिकिटावर ‘पी-ए-यू’. पूर्णेच्या आणि परभणीच्या जुन्या रेल्वे कुटुंबांतून कोणाच्या माळ्यावर तारमास्तरची बिघाडाची वही, मोर्सची चावी किंवा गॅल्व्हनोमीटर पडून असेल, आणि जिल्हा कचेऱ्यांतल्या पहिल्या संगणकांवर काम केलेल्या कोणापाशी त्या काळची टिपणे असतील, तर त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. गावच्या वाचनालयात नेऊन द्यावीत, आणि वहीच्या पहिल्या पानावर ती कोणाची, कोणत्या ठाण्याची, एवढे लिहून द्यावे.